राबणाऱ्या पोराला खेळ कशाला?

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेले भाषण)



सकाळच्या सत्रात कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले, पीकविम्यावर तर तास-दीड तास गेला. आता जेवणानंतर माझ्याकडे विषय आला आहे तो पोरांच्या खेळण्या-धावण्याचा. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या बाजूची काही मंडळी एकमेकांकडे बघून हसली. शेतीची पदवी घेतलेला माणूस भावाचे सोडून हुतूतूचे काय बोलतो, असे त्यांना वाटले असणार. (हशा) वाटू द्या. हा विषय मी मागून घेतला आहे. अर्धा तास ऐकून घ्या, आणि त्यानंतरही तो आपला नाही असे ज्याला वाटेल त्याने उभे राहून तसे सांगावे.

गावोगाव बैठकींना जातो तेव्हा पोरांच्या खेळाबद्दल दोन वाक्ये हमखास ऐकायला मिळतात. पहिले वाक्य : "आमची पोरं दिवसभर वावरात राबतात, त्याइले अजून खेळ काहून पाहिजे?" दुसरे वाक्य : "खेळून का पोट भरते? त्यापरीस अभ्यास कर म्हणा." पहिल्या वाक्यात असे धरून चालले आहे की राबले की व्यायाम झाला. दुसऱ्यात असे की खेळले की अभ्यास बुडाला. गंमत अशी की पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच तोंडून निघतात. पहिले मुलीबद्दल असते आणि दुसरे मुलाबद्दल. माझे म्हणणे आहे की दोन्ही खोटी आहेत, आणि त्यांची किंमत आपली पोरे मोजत आहेत.

वासराला कोणी जुंपतो का?

तुमच्या गोठ्यात गोऱ्हा जन्मला तर तुम्ही त्याला जुंपता केव्हा? दोन दाती झाल्याशिवाय शहाणा शेतकरी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. कोवळ्या वयात जुंपला तर खांदा सुजतो, वाढ खुंटते, आणि पुढे जन्मभर तो बैल कामाला कमी पडतो. तोवर तुम्ही काय करता? सकाळी गाय पान्हावली, वासराचे पिऊन झाले, की त्याला सोडून देता. ते शेपूट वर करून अंगणभर उधळते, उकिरड्यावर चढते, म्हातारीच्या अंगावर जाते. त्या उधळण्याला कोणी वेळ वाया गेला म्हणत नाही. चोवीस तास दाव्याला बांधलेले वासरू पायात कमजोर निघते हे तुमच्या आजाला ठाऊक होते, त्याला कोण्या विद्यापीठात जावे लागले नाही. गोठ्यात असलेले हे शहाणपण ओसरीवर यायला मात्र तयार नाही.

कापसाच्या वेचणीचेच पाहा. बारा वर्षांची मुलगी कमरेला ओटी बांधून सकाळी पऱ्हाटीत शिरते ती उन्हे कलेपर्यंत. बोटे झरझर चालतात, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांजवळची कातडी निघते, कंबर तासन् तास अर्धी वाकलेली. संध्याकाळी ती गळून जाते. ती दमली यात शंका नाही. पण त्या आठ तासांत तिच्या छातीचे ठोके किती वेळा जोरात पडले? तिला धाप किती वेळा लागली? जवळजवळ नाहीच. एकाच ठेक्यातले, एकाच बाजूचे, संथ काम. ते पाठीला आणि बोटांना दमवते, हृदयाला आणि फुप्फुसांना काही शिकवत नाही.

हृदय म्हणजे स्नायूच आहे. त्याला अधूनमधून जोरात चालवले तर तो एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतो. डॉक्टर लोक ज्याला जोरदार हालचाल म्हणतात तिची खूण सोपी आहे, त्याला यंत्र लागत नाही. धावता धावता पोराला विचारा, "बाप्पा, नाव सांग तुझं." एका दमात नाव, गाव, बापाचे नाव सगळे सांगितले तर ती हालचाल मध्यम. दोन शब्दांवर श्वास तुटला तर जोरदार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले माप असे की ५ ते १७ वयाच्या पोराला रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस त्यात दम लागेल असा जोरदार भाग हवा.

राबण्यात आणि खेळण्यात आणखी एक फरक आहे, तो मला सगळ्यात मोठा वाटतो. खेळात पोर दमले की थांबते. जोर आला की पुन्हा उठते. वेग त्याचा, विसावा त्याचा. कामात वेग ओळीतल्या पुढच्या बाईचा असतो आणि विसावा मालकाच्या हातात. म्हणून खेळाने दमलेले पोर भाकर खाऊन गाढ झोपते आणि कामाने दमलेले पोर जेवतानाच पेंगते.

याचा अर्थ पोराने वावरात पाय ठेवू नये असा नाही. शेतकऱ्याच्या पोराला तूर आणि तिळाचा फरक कळला पाहिजे, शेळी सोडता आली पाहिजे, रविवारी बापाबरोबर बांधावर गेले पाहिजे. कायदाही एवढे करू देतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यात १४ वर्षांखालच्या मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला, तेही धोक्याच्या नसलेल्या, हात लावायला मुभा आहे. शाळा बुडवून नाही. आणि फवारणीच्या आसपास तर अजिबात नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती मोठी, धडधाकट माणसे होती. लहान पोर वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत ओढते, एवढे लक्षात ठेवा आणि फवारलेल्या वावरातून त्याला पाणी घेऊन पाठवू नका.

पुणे जिल्ह्यातली सहा गावे

राबणे म्हणजे व्यायाम नव्हे, हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. शेतकरी कुटुंबांतल्या बायका, त्यांचे गरोदरपण, त्यांची बाळे, आणि पुढे त्या बाळांचे मोठे होणे. त्यात गरोदर बाईच्या रोजच्या कष्टांचीही नोंद ठेवली गेली. शेतातले काम, पाणी भरणे, घरचे काम. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला : ज्या बायांच्या वाट्याला कष्ट जास्त होते त्यांची बाळे लहान भरली. व्यायाम जर कष्टातून मिळत असता तर आपल्या मायबहिणींइतकी तब्येत देशात कोणाची नसती. (टाळ्या) मायबहिणींनी टाळ्या वाजवल्या, पुरुषांकडून आवाज आला नाही, याची नोंद घ्यावी. (हशा)

त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट दिसली, ती आपल्या पोरांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. या गावांतल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. हे अपेक्षितच होते. पण बारकाईने मोजल्यावर असे दिसले की आपल्या बाळांत कमी पडले होते ते मुख्यतः मांस, म्हणजे स्नायू. त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला काटकुळे, आतून चरबीचे.

यात आपल्यासाठी काय आहे? स्नायू हे शरीरातले साखरेचे कोठार आहे. जेवल्यावर रक्तात आलेली साखर बरीचशी स्नायूंतच उतरते. कोठार लहान असले तर साखर रक्तात साचते, त्यालाच पुढे मधुमेह म्हणतात. आजवर आपण त्याला शेठजींचा रोग म्हणत होतो. आता तालुक्याच्या दवाखान्यात जा, ज्याच्या अंगावर मांस नाही असा शेतकरी साखरेच्या गोळ्यांच्या रांगेत उभा दिसेल. आपली पोरे लहान कोठार घेऊनच जन्माला येतात. ते वाढवायचे तर दोनच मार्ग आहेत, पोटभर सकस अन्न आणि स्नायूंना जोर देणारी हालचाल. आणि जोरात चाललेला स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेतो, हा त्यातला आणखी एक फायदा.

पोटरीतले पाणी

हाडांचे मी तुम्हाला ज्वारीवरून सांगतो. ज्वारी पोटरीत असताना पाण्याचा ताण पडला तर पुढे कितीही पाऊस होऊ द्या, कणीस भरत नाही. पाणी तेवढेच, पण वेळ गेलेली. हाडांचीही अशी एक पोटरी असते. मुलींत साधारण १२-१३ व्या वर्षी आणि मुलांत १४ व्या वर्षाच्या आसपास हाडांत चुना भरण्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. माणसाला जन्मभर पुरणारा हाडांचा साठा, त्यातला जवळपास ९० टक्के, विशीच्या आतच गोळा होतो. आणि हाड भरते ते दणक्याने. उडी मारली, धावताना पाय आपटला, की हाडाला निरोप जातो की इथे मजबुती पाहिजे. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांच्या दोन्ही हातांची हाडे मोजली, तो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास ज्यांनी खेळ धरला होता, त्यांच्या खेळत्या हातातली वाढ उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त निघाली. खेळ तोच, मेहनत तीच, पेरणीची तारीख वेगळी.

आता आपल्या गावात काय चालते? मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिचे उड्या मारणे बंद. "मोठी झालीस आता, पाय आवर." ज्या दोन-तीन वर्षांत हाडाला दणका पाहिजे नेमक्या त्याच वर्षांत आपण तिला बसवतो, आणि साठीत ती न्हाणीघरात पाय घसरून पडली की खुब्याचे हाड मोडते. मग आपण म्हणतो, म्हातारपण आहे. जगभर हीच तऱ्हा आहे असे म्हणून स्वतःला सूट देऊ नका, पण आकडा ऐकून ठेवा. १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांची २०१६ पर्यंतची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये छापली गेली. पुरेशी हालचाल न होणारी मुले शंभरात ७८ आणि मुली शंभरात ८५ निघाल्या. भारताचा मुले-मुली मिळून आकडा ७४ च्या घरात होता.

आमची खेड्यातली पोरे यात नसतील, असे कोणी म्हणेल. वीस वर्षांपूर्वी मीही मान डोलावली असती. आज सकाळी सात वाजता गावाच्या फाट्यावर उभे राहा. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते, पोर दारातून गाडीत, गाडीतून वर्गात, वर्गातून शिकवणीत, आणि रात्री मोबाइल घेऊन खाटेवर. आपण पोटाला चिमटा काढून फी भरतो ती पोराला बसवून ठेवण्याची. गावातली शाळा पट कमी म्हणून लांब गेली तर चालत जाणारे पोरही गाडीत बसते. म्हणजे एकाच गावात एक पोर राबून खचते आणि दुसरे बसून. धावणारे पोर दोन्हीकडे नाही.

ओघात डोळ्यांचेही सांगतो. चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या काही प्राथमिक शाळांत रोज ४० मिनिटे जास्तीची मोकळ्यावर काढायला लावली. तीन वर्षांनी लांबचे न दिसण्याचा दोष त्या शाळांत शंभरात ३० मुलांना नव्याने लागला, बाकीच्या शाळांत जवळपास ४० मुलांना. मोकळे आकाश फुकट आहे, चष्मा नाही.

अभ्यासाचे काय?

आता दुसरे वाक्य, खेळले की अभ्यास बुडतो. मी शेतीचा विद्यार्थी. कोणी नवे वाण किंवा खत घेऊन आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, शेजारी जुन्या पद्धतीचा वाफा लावला होता का? तुलनेचा वाफा नसेल तर बोलू नकोस. तर असा वाफा लावून केलेला एक प्रयोग सांगतो.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९७० ते १९७७ या काळात दोन प्राथमिक शाळा निवडल्या. एक त्रवा-रिव्हियेर शहरातली, एक पाँ-रूज नावाच्या गावातली. एकूण ५४६ मुले. प्रयोगातल्या वर्गांना रोज एक तास शारीरिक शिक्षण, तेही त्या विषयाच्या शिक्षकाकडून. त्याच शाळांतले त्यांच्या आधीचे आणि नंतरचे वर्ग तुलनेला ठेवले, त्यांना आठवड्याला अवघी ४० मिनिटे. हा रोजचा तास आणला कोठून? गणित, भाषा वगैरे विषयांच्या वेळेतून. त्या विषयांची १३-१४ टक्के वेळ कापली गेली. आपल्या गावात असे कोणी केले असते तर पालकांनी मुख्याध्यापकाला कोंडले असते. (हशा)

पहिल्या वर्षी खेळणारी मुले गुणांत थोडी मागे होती. हे मी लपवत नाही. दुसरीपासून सहावीपर्यंत मात्र ती तुलनेच्या मुलांपेक्षा पुढे राहिली. शिकवण्याचा वेळ कमी, गुण जास्त. शेतीच्या भाषेत सांगायचे तर बियाणे कमी पेरले आणि उतारा जास्त पडला, कारण जमिनीत वाफसा होता. घट्ट, चिखल झालेल्या जमिनीत तुम्ही पेरणी करत नाही. सहा तास बसून जड झालेल्या डोक्यात मात्र मास्तर पेरत राहतो, आणि उगवले नाही की दोष बियाण्याला.

असे का होते, यावर पुढे काम झाले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला शाळा सुटल्यावर नऊ महिने खेळ आणि धावपळ, दुसरा गट नेहमीसारखा. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. खेळणाऱ्या गटात लक्ष न ढळू देणे आणि काम बदलले की त्याप्रमाणे चटकन मन वळवणे या गोष्टी जास्त सुधारल्या. जी मुले जास्त दिवस हजर राहिली त्यांच्यात सुधारणा जास्त. पाढे पाठ होणे ही पुढची गोष्ट. आधी पोराचे मन फळ्यावर टिकले पाहिजे, आणि ते टिकवायला धावण्याची मदत होते, इतकाच माझा दावा आहे. खेळले की पोरगा कलेक्टर होतो असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आलेला असतो.

आणि आपल्याकडच्या शाळांबद्दल एक गोष्ट कोणत्याही अभ्यासाशिवाय दिसते. जिथे दुपारी खेळ होतो तिथे दुपारनंतर पोरे पळून जात नाहीत.

उपाशी पोराला धावायला लावू नका

मघाचे ऐकून कोणी उद्यापासून पोराला पहाटे उठवून मैल मैल पळवायला लागेल, त्याला आधीच थांबवतो. इंजिनात तेल नसेल तर हँडल मारून उपयोग नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघाले. रक्त कमी म्हणजे श्वासातला प्राणवायू स्नायूपर्यंत नेणारी गाडी कमी. अशी मुलगी दोन फेऱ्यांत बसते आणि मास्तर तिला आळशी म्हणतात. शाळेतून आठवड्याला एक लोहाची गोळी द्यायची असते, प्राथमिकच्या मुलांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी. ती पोराच्या पोटात जाते की दप्तरात राहते हे घरी विचारा. गोळीवर लगेच चहा देऊ नका, चहा लोह अडवतो. लिंबू चालेल, आवळा चालेल. जंताची गोळी चुकवू नका.

शाळेच्या खिचडीचे माप पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, आठवीपर्यंत ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम असे ठरलेले आहे. ते ताटात पडते का हे बघणे आपले काम. आणि खेळून आलेल्या पोराला घरी ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, मूठभर शेंगदाणे आणि गूळ द्या. ज्वारी आपण पिकवायची, कडबा बैलाला, दाणे व्यापाऱ्याला आणि पोराच्या हातात पाच रुपयांचा कुरकुऱ्याचा पुडा, हा हिशेब कोणी बसवला मला माहीत नाही.

आपल्याकडच्या उन्हाचेही भान ठेवा. फाल्गुनानंतर खेळ सकाळी शाळा भरायच्या आधी किंवा उन्हे उतरल्यावर, आणि मैदानाजवळ पाण्याचा माठ. धाप लागणारे, ओठ निळे पडणारे, खेळताना भोवळ येऊन पडलेले पोर आधी डॉक्टरला दाखवा, मग मैदानावर सोडा.

खेळ कोणता?

महागडा नको. खो-खो एकदा नीट बघा. नऊ जणांपैकी आठ ओळीने आलटून पालटून उलट्या तोंडांनी बसतात, एक पळतो. चार-सहा सेकंद जीव खाऊन धावायचे, खो द्यायचा, बसायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा उठायचे. जोर आणि विसावा आपोआप येतो, उठबस होते, वळणे होते, समोरच्याचा डाव ओळखावा लागतो. दोन खांब आणि मूठभर फक्की एवढाच खर्च. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू यांचाही हाच गुण. परेडचा सावधान-विश्राम म्हणजे खेळ नव्हे, आणि "धडा आला नाही, मार मैदानाला पाच चकरा" म्हणजे तर नव्हेच. धावणे ही शिक्षा झाली की पोर जन्मभर धावण्याचा राग धरते. त्याहून वाईट मास्तर तो, जो गणित चुकले म्हणून खेळाचा तास काढून घेतो. ज्या पोराला त्या तासाची गरज सगळ्यात जास्त, त्याचाच तास जातो.

हे खेळ आपल्या मातीतले आहेत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. १९३६ मध्ये ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले आणि दोघांचेही कर्णधार महाराष्ट्रातले होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. माण तालुक्याची दुष्काळी माती तुडवत मोठी झालेली शेतकऱ्याची मुलगी, ललिता बाबर, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली. ही नावे मी पदकांच्या लोभाने घेत नाही. पदक लाखात एकाला मिळते. मला बाकीच्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवांची हाडे आणि हृदये हवी आहेत.

सायकलचेही बोलून घेतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. सायकलवर रोज येणे-जाणे ही उत्तम हालचाल आहे. पण किती घरांत ती सायकल मुलीचा भाऊ चालवतो आणि मुलगी चालत जाते? हात वर करू नका, मी विचारून बसलो. (हशा)

मागायचे कोणाकडे?

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवे ते लिहिले आहे, आणि त्यात मैदान आहे, खेळाचे साहित्य आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षक आहे. त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पाऊण सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बाया. म्हणजे तुम्हीच. त्या समितीच्या बैठकीत खिचडीच्या तांदळावर भांडण होते, रंगरंगोटीच्या बिलावर होते. वेळापत्रकातला खेळाचा तास खरोखर होतो का, की त्यात गणिताचा उरलेला धडा उरकतात, हे विचारलेले मी अजून ऐकले नाही. पुढच्या बैठकीत हा एक प्रश्न विचारा, आणि तो बायांनी विचारा. मुलींना त्या तासात वर्ग झाडायला किंवा पाणी भरायला लावतात का, हा त्याचाच दुसरा भाग.

राहता राहिले मैदान. खो-खोचे पुरे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, भोवतालची मोकळी पट्टी धरून पावणेसहा गुंठे होते. लहान पोरांना याच्या निम्म्यात भागते. तेवढी जागा बहुतेक जिल्हा परिषद शाळांजवळ कागदावर आहेच. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला येताना प्रत्येक गावातून एकाने मोजायची टेप आणि शाळेच्या जागेचा उतारा आणावा. आधी उतारा वाचायचा, मग सगळ्यांनी मिळून शाळेवर जायचे आणि जागा मोजायची. मोजताना तिथे कोणाची कडब्याची गंजी निघेल, कोणाची ट्रॉली निघेल, कोणाच्या म्हशी बांधलेल्या निघतील. कोणाच्या ते मी विचारणार नाही, आपल्यातल्याच कोणाच्या तरी असतील. (हशा) म्हशी त्याच दिवशी सोडायच्या. गंजी हलवायला आठ दिवस देऊ.